जांभईपुढची चुटकी

आमच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते गाल धरून आपल्या पायांनी येतात. मी जबड्याचा डॉक्टर. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलतं ना, त्या सांध्यावर माझं पोट चालतं. बोलणं, खाणं, भांडणं सगळं त्याच्या जिवावर, पण दुखेपर्यंत त्याची आठवण कोणाला नसते.

*

बिडकीनचे एक काका महिनाभर कानात लसणाचं तेल घालून आले. कान ठणठणीत, दुखत होता सांधा. मी बाहेरून बोटाने दाबलं तसे कळवळले. मग म्हणाले, "म्हंजी तेल लई जवळ गेलं होतं की!" मला खरं तर रागवायचं होतं.

*

शाळेतल्या एक बाई दिवसभर दात आवळून धरायच्या, संध्याकाळी जबडा ठणकायचा. मी सांगितलं, घरात जागोजागी टिकल्या लावा. टिकली दिसली की ओठ मिटलेले ठेवून दात सुटे सोडायचे.

पुढच्या वेळी सासूबाईच सोबत आल्या. "डॉक्टर, फ्रिजला टिकली, आरशाला टिकली, गॅसला टिकली. मला वाटलं, ही माझ्यावर करणी करती का काय!"

मी कारण सांगितलं. त्या सुनेला हळूच म्हणाल्या, "माझेबी दात आवळलेलेच असतात गं. एक पाकीट मलाबी आण."

*

पाचोडच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या एकाने जांभई दिली आणि तोंड उघडंच राहिलं. जबड्याचं टोक खोबणीतून पुढे निसटलं की असं होतं. भाऊ त्याला मोटारसायकलवर, तोंडावर उपरणं टाकून घेऊन आला. मी दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर ठेवून खाली दाबत मागे ढकललं, जबडा बसला.

त्याचं पहिलं वाक्य: "चुटकी वाजवायची राहिली."

जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवायची, ही आपल्याकडची जुनी सवय. मी हाडाचं मॉडेल काढून समजावायला लागलो. भाऊ म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या डॉक्टर. वाजवली तर काय बिघडतं व्हय?"

*

सिल्लोडची वैष्णवी लहानपणी जिन्यावरून हनुवटीवर पडली. कुणाला काही वाटलं नाही. हळूहळू सांध्यातली हाडं चिकटली आणि तोंड उघडेनासं झालं. नववीपर्यंत दातांच्या फटीतून पेज, दूध, दुधात कालवलेली भाकरी.

ऑपरेशन करून आम्ही सांधा मोकळा केला. पण रोज तोंड ताणायचे व्यायाम करावेच लागतात, नाहीतर हाड परत चिकटतं. व्यायाम दुखतात. पोरगी रडायची, आई सोडायची नाही. "मी वैरीण झाले तिची," आई एकदा म्हणाली. ऑपरेशन माझं होतं, पुढचं सगळं त्या दोघींच्या हाती. मी मनातून घाबरलेलो होतो.

मध्यंतरी दोघी तपासणीला आल्या. सकाळची पहिली एसटी धरलेली, त्यात माझं काम लांबलेलं. आई शेजारच्या बाईला मक्याचा भाव सांगत होती, वैष्णवी तिच्या खांद्याला टेकून पेंगत होती. मी दारातून हाक मारणार, तेवढ्यात पोरीला जांभई आली. ऐसपैस, दाढा दिसतील अशी.

बोलता बोलताच आईचा हात वर गेला आणि लेकीच्या तोंडापुढे चुटकी वाजली. मग आईचं लक्ष त्या उघड्या तोंडाकडे गेलं आणि मक्याचा भाव अर्धाच राहिला. हात तिथेच राहिला.