वाणाचे टायर

कुणाच्याही मोटारसायकलवर बसण्याआधी बाई खाली वाकायच्या आणि मागचा टायर अंगठ्याने दाबून बघायच्या, हातगाडीवरचा आंबा दाबून बघावा तसा. मग पुढचा दाबायच्या. मग रुमालाला अंगठा पुसत विचारायच्या, "गुरुजी, हवा कवा भरली?"

"परवाच भरली, बाई."

"परवा म्हंजे नक्की कवा?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन ते ओढून बघणारी. आपण त्यांना हसतो आणि त्यांच्या घरी कधीतरी चोरी झाली होती का, हे विचारत नाही. मीही बाईंना बरेच दिवस हसलो.

आम्ही दोघं पिंपळीच्या शाळेत शिकवायचो आणि दोघंही बारामतीत राहायचो. एसटीची वेळ आणि शाळेची वेळ यांचं कधी जमलं नाही, म्हणून बाई माझ्या मोटारसायकलवर मागे बसून यायच्या. वर्गात त्यांची भाषा अगदी पाठ्यपुस्तकातली. मुलांनी 'न्हाय' म्हटलं की 'नाही' असं दोनदा म्हणायला लावायच्या. पण शाळेचं फाटक ओलांडलं की त्याच बाईंच्या तोंडी घरची बोली यायची. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. ती बोली त्यांनी वर्गाबाहेर राखून ठेवली होती.

गाडीवर बसल्यावर मात्र कुठलीच भाषा नाही. पदराचं टोक दातात धरायच्या ते बारामती येईपर्यंत सोडायच्या नाहीत. मला बोलायची भारी हौस. मी साहेबांच्या तक्रारी सांगायचो, ऊस किती उभा आहे ते सांगायचो, मागून हूं नाही की चूं नाही. मला वाटायचं, बाईंना माझा कंटाळा आला असावा. बायकोला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "त्यात नवल ते काय?"

खरं काय ते बाईंनी स्वतःच सांगितलं. एकदा माझी गाडी पंक्चर झाली होती आणि पंक्चर काढून होईपर्यंत आम्ही रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसलो होतो.

बाईंचे यजमान इंदापूरच्या रस्त्यावर अपघातात गेले होते. मुलगी तेव्हा लहान होती, तिला आजीकडे ठेवून दोघं लग्नाला निघाले होते. रस्ता मोकळा, गाडी वेगात. पुढचा टायर फुटला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी डुलायला लागली.

"मी वरडले, 'धरा, धरा!'" बाई म्हणाल्या. "मी हँडल म्हणत हुते, गुरुजी. हँडल घट्ट धरा. त्यांनी ब्रेक धरला."

मी म्हणालो, "बाई, माणूस घाबरला की ब्रेकच धरतो. तुम्ही गप्प बसला असतात तरी त्यांनी धरला असता."

"आसंल," त्या म्हणाल्या. "पर मी गप बसले न्हवते."

पंक्चर निघाल्याची हाक आली आणि आम्ही उठलो.

तेव्हापासून बाईंनी टायर या विषयाची शाळाच काढली होती. समोर मोटारसायकलवाला दिसला की त्याची तोंडी परीक्षा. पोस्टमन, दूधवाला, खतांच्या दुकानाचा मालक, कुणाची सुटका नव्हती. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी चहाचा कप हातात देत विचारलं, "साहेब, पळत्या गाडीचा टायर फुटला तर काय कराल?"

"पंक्चर काढीन," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी साहेबांना व्हरांड्यात उभं केलं, दोन्ही हात पुढे धरायला लावले आणि शिकवलं. हँडल दोन्ही हातांनी सरळ धरायचं, वळवायचं नाही. रेस हळूहळू सोडायची. ब्रेकला हात लावायचा नाही आणि पायही नाही. गाडी डुलेल, डुलू द्यायची. वेग आपोआप मरतो. अगदी हळू झाली की मग फुटला नसेल त्या चाकाचा ब्रेक, तोही अलगद. साहेब हात पुढे करून बैलाच्या कासऱ्यासारखं हवेतलं हँडल धरून उभे होते आणि सबंध चौथीचा वर्ग खिडकीतून बघत होता. मुख्याध्यापकांना घाम फुटला. पण साहेब जाताना गाडीपाशी थांबले आणि टायर दाबून बघितला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे सुनीताचं, म्हणजे बाईंच्या एकुलत्या मुलीचं लग्न झालं. सासर शेळगावचं. माणसं चांगली होती, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. जावई हसरा होता, कष्टाळू होता, आणि त्याने लग्नानंतर मोटारसायकल घेतली. जुनीच, पण घेतली. पहिल्या दिवाळीला दोघं त्याच गाडीवर बारामतीला आले. बाई हातात ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. जावई गाडीवरून उतरला तसं त्यांनी ताट माझ्या बायकोच्या हातात दिलं आणि टायर बघायला बसल्या.

मागचा टायर गुळगुळीत झाला होता. त्यात बाजूला चीर पडलेली. ती चीर झाकायला आतून जुन्या टायरचा तुकडा घातला होता. आमच्याकडे त्याला गेटर म्हणतात, आणि गेटर टाकला की टायरला पुनर्जन्म मिळाला अशीच सगळ्यांची समजूत.

"जावईबापू, ह्यो टायर बदला."

"मामी, गेटर टाकलाय. वरीसभर बघायला नगं."

"फुटंल त्यो."

"न्हाय हो फुटत," म्हणत तो हसला आणि फराळाला बसला.

बाई सुनीताला सांगून पाहत होत्या, निरोप धाडत होत्या, एकदा तर शेळगावला जाऊन आल्या. विहीणबाईंनी चहा-पोहे केले, साडी नेसवली आणि टायरचा विषय निघाला की भाजीपाल्याचे भाव काढले. मुलीच्या आईने जावयाला किती बोलायचं याला आपल्याकडे मर्यादा आहे. बाईंची ती केव्हाच संपली होती. त्या काळात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि खडू तसाच हातात. रस्त्यावर ट्रकचा टायर फुटल्याचा आवाज आला तरी भिंत धरायच्या.

अशात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून वाण देतात, कुणी अंगठी, कुणी चांदीचं निरांजन, सोबत अनारसे. एके दिवशी शाळेतून येताना बाईंनी पदर दातातून सोडला आणि गाडीवर पहिल्यांदाच बोलल्या. "गुरुजी, टायरच्या दुकानापशी थांबा."

मी दचकून ब्रेक लावणार होतो, पण शिकवण आठवली आणि रेस सोडली.

दुकानदाराला त्यांनी दोन कोरे टायर काढायला लावले. मी म्हणालो, "बाई, वाण म्हणून टायर? लोक हसतील."

"हसू द्यात. नुसतं दिलं तर ते घेणार न्हाईत, त्यांचा मान जाईल. पर वाणाला कोण न्हाय म्हणतंय?"

मला ती युक्ती फार आवडली.

वाणाला हळद-कुंकू सवाष्णीने लावायचं, म्हणून माझ्या बायकोला बोलावलं. तिने दोन्ही टायरांना बोटं ओढली, वर तुळशीचं पान ठेवलं, अनारशांचा डबा शेजारी. जावई पोट धरून हसला, पण वाकून नमस्कार केला आणि वाण स्वीकारलं. निघताना सुनीताने दोन्ही टायर खांद्यात अडकवले, मोठ्या बांगड्या घातल्यासारखे. बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"टायर बसवूस्तवर जपून. आन् गाडीवर बसलीस की गप बसायचं. काय बी झालं तरी तोंड उघडायचं न्हाय. त्येला त्येच्या हातानं सावरू द्यायचं. पदर दातात धर."

"सासूबाईंम्होरं बी गप, गाडीवर बी गप. मग आई, मी बोलू कवा?"

"हितं आलीस की बोल," बाई म्हणाल्या.

गाडी कोपऱ्यावर वळली. बाई आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आज झोप लागंल." त्या दिवसानंतर बाई खरंच निवांत झाल्या. मधल्या सुट्टीत माझ्या विनोदांवर हसायलाही लागल्या, आणि ते विनोद हसण्यासारखे नव्हते.

निरोप शाळेतच आला. बारामतीहून एक ओळखीचा माणूस गाडीवर आला आणि बाईंना न सांगता मला बाहेर बोलावलं. बाईंनी खिडकीतून त्याचं तोंड पाहिलं आणि मुलांना वाचत ठेवून तशाच बाहेर आल्या. सणसरच्या अलीकडे सुनीताच्या गाडीचा टायर फुटला होता. वडापच्या, म्हणजे रस्त्यावरचे प्रवासी भरून नेणाऱ्या जीपवाल्याने दोघांना उचलून बारामतीच्या दवाखान्यात नेलं होतं.

मी गाडी चालू केली. बाईंनी टायर दाबला नाही. बसल्या आणि माझा खांदा धरला.

मी घाबरलो होतो, पण हात सवयीचे, गाडी नेहमीच्याच वेगाने चालली होती. मागून आवाज आला, "पळवा, गुरुजी." मग मोठ्याने, "पळवा की!" सबंध रस्ताभर त्या ओरडत होत्या, "पळवा! पळवा!" शेतातली माणसं वळून बघत होती.

जावई बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याला खरचटलंही नव्हतं, सदऱ्यावर रक्त होतं ते सुनीताचं. बाईंना बघून तो उठला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "मामी, म्या ब्रेक न्हाय मारला. हँडल धरून ठिवलं. गाडी पडली न्हाय, मामी. सरळ हुबी ऱ्हायली. मागं बघितलं तर ही न्हाय."

सुनीता एका बाजूला पाय सोडून बसलेली. पहिल्या हिसक्यालाच ती मागे फेकली गेली होती. हेल्मेट तेव्हा आमच्याकडे चालवणाऱ्याच्या डोक्यावर नव्हतं, तर मागे बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर कुठून असणार?

"आन् टायर?" बाईंनी विचारलं. "नवं टायर?"

विहीणबाई भिंतीशी बसून रडत होत्या. त्यांनीच उत्तर दिलं. "माळ्यावर हायती. हळद-कुंकू लावल्यालं वाण, बाई. शेणा-चिखलातनं कसं फिरवायचं? म्या म्हणलं, पाप लागंल. कापडात बांधून ठिवलं."

त्या खरं बोलत होत्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. कुठल्याही घरात हेच झालं असतं, माझ्याही. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि आत गेल्या. मी दारात उभा राहिलो.

सुनीता शुद्धीवर होती. डोक्याला पट्टी, पण बोलत होती, आणि आईला बघून तिला हसूच आलं.

"आई, मी न्हाय बोलले."

"बोलू नगं, बाळा, पडून ऱ्हा."

"न्हाय, आईक की. लई येळ गाडी मागनं डुलत हुती. खालनं धप धप लागत हुतं. ह्यांना वाटलं रस्ता खराब हाय. मला कळलं हुतं टायर हाय म्हणून. लई वाटलं सांगावं, थांबवा म्हणावं. पर तू म्हणली हुतीस ना. पदर दातात घट्ट धरला. फुटला तरी न्हाय वरडले."

बाईंची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही. देवाने एवढी तरी दया माझ्यावर केली. मला आवाज ऐकू आला तो वर्गात पहिल्या आलेल्या मुलीला शाबासकी देताना असतो तसा, स्वच्छ आणि न थरथरता.

"शाणी गं माझी बाय ती. लई शाणी."

संध्याकाळी सुनीता झोपाळू झाली. डॉक्टर म्हणाले पुण्याला हलवा. वाटेतच गेली.

बाई पुढे शाळेत आल्या, शिकवलं, हजेरी घेतली. टायरचं कुणाला विचारलं नाही. एसटीची वाट बघत तासन्‌तास उभ्या राहायच्या, पण माझ्या गाडीवर बसल्या नाहीत. मग बदली मागून इंदापूरकडच्या गावात गेल्या. मी भेटायला जाईन म्हणायचो. काय बोलायचं ते कळत नव्हतं, म्हणून राहून गेलं.

नंतर एकदाच दिसल्या. इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर, भर दुपारी. मी रसवंतीत बसलो होतो. रस्त्यावरून एक जोडपं मोटारसायकलवर चाललं होतं. मागे बसलेली पोरगी तरणी, नव्या हिरव्या चुड्याची, मान खाली घालून गप्प. आणि स्टँडच्या फाटकातून बाई धावत सुटल्या. पिशवी टाकून, चप्पल टाकून, हात वर करून.

"थांबा! अहो, थांबा! थांबा!"

माणसं बघायला लागली. गाडी पुढे जाऊन थांबली. तो माणूस उतरला, त्याने पुढचं चाक बघितलं, मागचं बघितलं. दोन्ही टायर धडधाकट होते. तो भडकला. "ओ बाई, येड लागलंय का तुमाला? काय झालंय गाडीला?"

बाईंना धाप लागली होती. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पोरीचा हात धरला.

"बोलत जा गं," त्या म्हणाल्या. "मागं बसलीस की बोलत जा त्येच्याशी. काय वाटंल ते बोल. खोटं ठरलं तरी चालंल, पर बोल."

पोरगी भेदरून गेली होती. तिने हात सोडवून घेतला. नवऱ्याने किक मारली, गाडी निघाली. थोडं पुढे गेल्यावर ती पोरगी पुढे झुकली आणि त्याच्या कानाशी काहीतरी म्हणाली. 'चला लवकर, बाई खुळी हाय', असंच म्हणाली असेल. पण बोलली.