थाप दिल्यावर

आज मॅटवर एका नव्या मुलीनं जोडीदाराच्या पाठीवर थाप दिली आणि त्यानं तिचा हात लगेच सोडला. जिउ-जित्सू या कुस्तीसारख्या खेळात थाप म्हणजे ‘हरले, सोड.’ माझ्या पहिल्या जिममधले सर मी थाप दिल्यानंतरही माझा हात पिळत राहायचे. ‘शाळा सोडलीस, आता हेही सोडणार का रे?’ म्हणायचे. सगळे हसायचे. घरापासून इतक्या लांब आलेल्या मला तेच शिक्षण वाटलं. अजूनही कुणी हात धरला की दुखायच्या आधीच मी थाप देतो. इथं, या नव्या जिममध्ये शिकवणाऱ्या ताई म्हणतात, ‘थांब की जरा, मी आहे ना.’ त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण मनात मी रोज सरांचाच हात पिळतो. त्यांची थाप पडली की क्षणात सोडतो, आणि सगळ्यांसमोर म्हणतो, ‘चला सर, पुन्हा.’