राहिलेली चकती

थोरली भट्टी सांभाळायची, धाकटी ट्रे भरायची. दोघी सख्ख्या जावा. घरी मिठाच्या डब्यावरूनही त्यांचं वाजायचं, त्यामुळे कारखान्यात दोघींना एकाच खात्यात घेतलं तेव्हा सगळे गालातल्या गालात हसले होते.

मोडक्या हाडांना आधार देणाऱ्या टायटेनियमच्या पट्ट्या तिथं तापवल्या जात. तापलेल्या टायटेनियमला हवा लागून चालत नाही, म्हणून भट्टीतली हवा आधीच उपसून टाकत. ट्रे निकेलचे. प्रत्येक पट्टीखाली पांढरी चिनी मातीची चकती ठेवायचीच, असा दंडक होता.

त्या दुपारी थोरली काचेतून आत डोकावली. कडेच्या पट्टीखाली चकती नव्हती. पट्टी ट्रेला टेकली होती तिथं काहीतरी पाण्यासारखं लकाकत होतं.

"अगं, वितळतंय!"

धाकटी धावत आली. "कसं वितळेल? हे दोन्ही चौदाशेच्या आत हलत नाहीत, तुम्हीच म्हणाला होतात. भट्टी तर हजारावरही नाही."

"एकेकटे असले तर नाही हलत. एकमेकांना टेकले की याचं त्यात शिरतं, त्याचं यात. ती सरमिसळ आधीच पातळ होते, आणि त्या पातळात दोन्हीकडचं आणखी विरघळत जातं."

थोरलीचा हात बटणाकडे गेला. धाकटीनं तो धरला.

"थांबा ना जाऊबाई. थोडाच वेळ उरलाय. एकच तर पट्टी आहे. मधेच बंद केली तर अख्खा घाणा वाया गेला म्हणतील आणि मला घरी बसवतील."

"खाली तापवायच्या तारा आहेत. थेंब त्यांवर पडला तर भट्टीच बसेल. सोड हात."

धाकटीनं हात सोडला.

बटण दाबलं, तरी आतला लाल उजेड जागचा हलेना. दार उघडण्याची सोय नव्हती. निवेपर्यंत नुसतं बघत राहायचं. ट्रेच्या बुडाशी थेंब जमला, लांबट झाला, लोंबकळला. धाकटीनं डोळे घट्ट मिटले. थोरलीनं पापणी लववली नाही. आकडा एकेक अंशानं उतरत होता. हळूहळू थेंबावरची लकाकी गेली आणि तो तिथल्या तिथं थिजला.

संध्याकाळी दार उघडलं. कडेची पट्टी ट्रेला चिकटली होती आणि ट्रेला आरपार भोक पडलं होतं. तारा शाबूत होत्या. बाकीच्या पट्ट्या पुन्हा तापवता येण्यासारख्या होत्या.

मालकांनी भोकात करंगळी घातली. "ट्रे कुणी भरला होता?"

थोरलीनं तोंड उघडलं, पण त्याआधीच धाकटी म्हणाली, "मी. चकती ठेवायची राहिली."

"आणि दार लावण्याआधी मी बघायला हवं होतं," थोरली म्हणाली. "नाही बघितलं."

मालकांनी दोघींनाही झाडलं. धाकटीला महिनाभर पट्ट्या धुण्याच्या कामावर पाठवलं. जाताना तिनं विचारलं, "घरी सांगणार का?"

"तुझ्या नवऱ्याला?" थोरली चप्पल शोधत म्हणाली. "त्याला काय कळतंय! चल, उशीर होतोय."