मार्थाबाईंची डिझेल गाडी

आमच्या शिरूरच्या मिशन दवाखान्यातल्या मार्थाबाई खेड्यांतले रोगी तपासायच्या ते गाडीचं इंजिन चालू ठेवून. पिकअप पारापाशी उभी, धडधड सुरू, मागच्या फळीवर औषधांच्या बाटल्या थरथरताहेत आणि रांगेतला एखादा म्हातारा ओरडून सांगतोय, "जुलाब व्हत्यात!" बाई तितक्याच जोरात विचारायच्या, "कवापासनं?" कोणाचं काय बिघडलंय हे दुपारपर्यंत अख्ख्या गावाला ठाऊक झालेलं असे. कुणी लाजलंच तर बाई म्हणत, "वरडून सांग बाबा. पोट तुझं दुखतंय, गाडीचं न्हाई."

मी त्यांचा कंपाउंडर. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मला त्या आवाजाचा मनस्वी तिटकारा होता, संध्याकाळी घरी गेलो तरी कानांत तीच धडधड. बाईंना मात्र तिच्यावाचून चैन पडत नसे. दवाखान्याच्या मडमेनं मायदेशी जाण्यापूर्वी लष्कराच्या मोडीतली ही पिकअप घेतली, पुण्यात तिला डिझेलचं इंजिन बसवलं आणि नर्स असलेल्या मार्थाबाईंना चालवायला शिकवलं. बाई ठेंगण्या. घडी केलेल्या घोंगडीवर बसल्या की कुठे त्यांना काचेतून रस्ता दिसे.

गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मनाला येईल तेव्हाच लागे. म्हणून शिरूरला ती दवाखान्यामागच्या उतारावर उभी करायची. सकाळी बाई स्टिअरिंगवर डोकं टेकवून घटकाभर प्रार्थना करत, मग ब्रेक सोडत; गाडी घरंगळली की क्लच सोडून इंजिन सुरू करत. एकदा सुरू झाली की संध्याकाळी परत येईपर्यंत बंद करायची नाही, हा त्यांचा नियम. दवाखान्याच्या कमिटीतल्या लोकांना नवी पेट्रोलची जीप हवी होती. बाई त्यांना सुनावत, "पेट्रोलची गाडी पाव्हणी असती, तिची बडदास्त ठेवावी लागती. ही घरची हाय. आजवर रस्त्यात कवा बंद पडली ते दाखवा." दाखवणार कसं? बाई तिला बंद पडण्याची संधीच देत नव्हत्या! तरी एवढं खरं, की वर्षानुवर्षं त्या इंजिनानं आम्हांला कुठे अडकवलं नाही.

एकदा न्हावऱ्याच्या पुढे एका वस्तीवर आम्ही थंडीत गेलो होतो. एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सुमन तिचं नाव, विशीतली असेल. सासूच ओरडली, "पोट दुखतंय हिचं! काल शिळं खाल्लं!" मी पाचकाची बाटली उचललीसुद्धा. बाईंनी सुनेला विचारलं, "काय होतंय?" तिचे ओठ हलले. इंजिनापुढे काही ऐकू येईना. बाईंनी कान जवळ नेला, तशी ती सासूकडे आणि रांगेकडे पाहून गप्प झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाई उठल्या, पुढे गेल्या आणि इंजिन बंद केलं.

"अहो बाई, काय करताय?" मी ओरडलोच. एकाएकी इतकं सामसूम झालं की माझा आवाज मलाच मोठा वाटला.

बाईंनी सगळ्यांना लांब जायला सांगितलं, सासूलासुद्धा. मग त्या सुमनच्या शेजारी जमिनीवर बसल्या. ती खालमानेनं म्हणाली, "दोन म्हैनं झालं, पाळी न्हाई. कुणाला बोलले न्हाई. मागच्या येळंला सांगितलं आन् मूल पडलं, तवा समदी लई बोलली." सकाळी तिला चक्कर आली होती, पोटात एका बाजूला कळ होती आणि आता खांदाही दुखत होता.

खांद्याचं ऐकताच बाई ताडकन उठल्या. "कंपाउंडर, गर्भ पिशवीत न्हाई, नळीत हाय. नळी फुटलीया, आत रगत सांडून खांद्याला कळ जातीया. दौंडला न्यायची, आत्ता." दौंडला ऑपरेशन करणारे डॉक्टर होते. एसटी सकाळीच गेली होती. सुमनला मागे निजवलं. बाईंनी सेल्फ मारला. तो कण्हला आणि थंडावला.

वस्ती सपाट, वाट मऊ मातीची. पुरुषांनी गाडीला खांदे लावले. गाडी पळू लागली की बाई क्लच सोडत, गाडी हिसका देई, आणि सुरू झाली असं समजून लोक हात काढून घेत. गाडी जागच्या जागी रुते. पुन्हा तेच, पुन्हा तेच. सुमनची नाडी माझ्या बोटांखाली पळत होती आणि बारीक होत होती. बाई खिडकीतून किंचाळल्या, "हिसका बसला तरी सोडू नका! रेटा! पोरगी मराया लागलीया!"

तेव्हा सासूनं पदर खोचला आणि पुरुषांत घुसून खांदा लावला. तिच्यामागून रांगेतल्या साऱ्या बाया धावल्या. हिसका बसला, कुणी सोडलं नाही. काळा धूर निघाला आणि ज्या धडधडीला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या, ती ऐकून मला रडू फुटलं.

सासू चढून मागे बसली, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन. भीमा नदी ओलांडताना पाणी फूटबोर्डाला लागलं. पेट्रोलची गाडी प्लग भिजून तिथेच बसली असती, ही गुरगुरत पार झाली. सासू एकच विचारत होती, "मला का गं न्हाई सांगितलंस?" सुमननं डोळे उघडले नाहीत.

दौंडला डॉक्टरांनी तिला तसंच आत घेतलं. दिवस मावळता ते बाहेर आले आणि म्हणाले, वाचली. मी आनंदानं बाईंना म्हणालो, "बाई, गाडीनं लाज राखली!"

बाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "कंपाउंडर," त्या म्हणाल्या, "आजवर किती जणी नुसतं ओठ हलवून घरी गेल्या असतील हो?"

कुणी नाही, असं मी म्हणालो. त्या उठून सुमनला पाहायला आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात पहिल्याच गावात बाईंनी गाडी उतार बघून थांबवली, बंद केली आणि बायांना एकेकीला जवळ बोलावून त्या म्हणाल्या, "मागल्या खेपेला सांगायचं राहिलं असंल, ते आज सांग." संध्याकाळ झाली तरी रांग सरली नाही.