झील धरणारी चांगुणा

चांगुणा रणशृंगारे पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली तेव्हा तिचं वय एकवीस होतं, आणि आवाज असा की ईश्वर तळभंडारे यांनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "बाई, जरा मागं सरका," ते म्हणाले. ती सरकली. "अजून." ती अजून सरकली. पाठ दाराला टेकली तरी यंत्रावरचा आवाज मोजणारा काटा काही खाली येईना. शेवटी ईश्वरदादांनी दार उघडलं, तिला जिन्यात उभं केलं आणि तिथूनच तिच्याकडून दोन कॅसेटी पुऱ्या करून घेतल्या. खाली सायकलीचं पंक्चर काढणाऱ्या चन्नप्पाला ती सगळी गाणी कॅसेट बाजारात यायच्या आधीच पाठ झाली. तो वंगणाचे हात पुसत वर यायचा आणि म्हणायचा, "तिसऱ्या कडव्यात बाई चुकल्यात बरं का, परत घ्या."

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरची ती एक खोली म्हणजे ईश्वरदादांचं 'उगवती रेकॉर्डिंग'. भिंतींना पोती आणि त्यावर गाद्या ठोकलेल्या. आतून जयंतीची गाणी, बाबासाहेबांचे पाळणे, रमाईची गीतं निघायची आणि बार्शी, मोहोळ, पार उस्मानाबादपर्यंत जायची. चांगुणाचं काम झील धरायचं. मुख्य गायक ओळ म्हणतो, आणि ओळ संपता संपता मागची माणसं ती उचलून वर नेतात, ती झील. गाण्यातलं अर्धं अंग तेच. पण कॅसेटच्या वेष्टनावर नाव असतं गायकाचं, आणि शेवटच्या कडव्यात नाव गुंफलेलं असतं ते गाणं रचणाऱ्याचं. झील धरणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. चांगुणाला त्याचं कधी काही वाटलं नाही. तिचा आवाज घराघरांत वाजत होता आणि तो तिचा आहे हे तिला ठाऊक होतं.

मग वारं फिरलं. ढोलकी गेली, कीबोर्ड आला. कीबोर्डही जुना झाला आणि डीजेच्या भिंती आल्या. गाण्यात शब्द चार उरले, बाकी नुसता छातीत बसणारा दणका. ही सगळी यंत्रं नंदीश सांभाळायचा. अक्कलकोटकडचा, लिंगायत घरातला, बत्तीस-तेहेतीस वर्षांचा गडी. घरी कानडी, कामावर मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. त्यानं एकदा चांगुणाकडून 'हो जी जी' एवढंच म्हणवून घेतलं आणि कंप्युटरात ठेवून दिलं. पुढची सहा वर्षं तेच 'हो जी जी' साठ-सत्तर गाण्यांत वाजलं. ती मात्र चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कँटीनमध्ये आमटी ढवळत होती. कारखान्यातली पोरं मोबाइल दाखवत म्हणायची, "मावशी, बघा की, तुमीच हाय ह्यात!" ती म्हणायची, "मी हितं हाय बाबांनो, ताट पुढं करा."

यंदा मात्र सगळंच बिनसलं. महिन्यापूर्वी दोन मिरवणुका समोरासमोर आल्या, गाण्यावरून बाचाबाची झाली, दगड पडले, तिघांची डोकी फुटली. गल्ल्यांच्या तोंडावर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या. डीजेला परवानगी नाही, असं जाहीर झालं. ठाण्यातून तोंडी निरोप आला, की जयंतीत वाजायचं नवं गाणं आधी लिहून दाखवा. ईश्वरदादांकडे सात वर्षांचा दणका भरून पडला होता आणि वाजवायला कुणी तयार नव्हतं. मंडळांची माणसं यायची, म्हणायची, "दादा, शब्द असलेलं काहीतरी द्या की." म्हणून त्यांनी चांगुणाला बोलावलं, झील धरायला.

चांगुणा आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "दादा, झील नगं. माझं गाणं हाय. मीच म्हणते."

गाणं कशाचं, तर तिच्या आईचं. नातेपुत्याच्या पुढं चिलारमाळ हे तिचं माहेर. मागच्या वैशाखात तिथं तिची आई वारली. तिरडी उचलली, स्मशानाच्या वाटेला लागले आणि बघतात तर वाटेवर काटेरी तार. बाजूच्या बागायतदारानं, वाट माझ्या रानातून जाते म्हणून, आठ दिवसांपूर्वीच ती ओढली होती. कुणीतरी तलाठ्याला फोन केला, कुणी पोलीस पाटलाला. तार निघेपर्यंत चार तास म्हातारी उन्हात होती. दुसऱ्या दिवशी तार पुन्हा जागच्या जागी. चांगुणानं ते सगळं कँटीनमध्ये कणीक मळता मळता जुळवलं होतं.

*चार खांद्यांवर आई माझी, वाट कुणी गं अडवली,*
*चिलारमाळाच्या उन्हात माझी माय चार तास ठेवली…*

आणि शेवटी, रीतीप्रमाणे, तिचं नाव. *चांगुणा म्हणे, तार तोडा, मेल्याला तरी जाऊ द्या.*

ईश्वरदादांनी ते ऐकलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. आयुष्यभर त्यांनी गोड गाणी काढली होती. माणसं नाचावीत, डोळे पुसावेत आणि घरी जावीत, असली. "चांगुणाबाई, गाणं चांगलं आहे," ते म्हणाले. "गावाचं नाव तेवढं काढा. 'एका गावात' म्हणा. आणि शेवटचं तुमचं नावही नको. दिवस काय चाललेत बघताय ना? पाचला मला हे कागद घेऊन ठाण्यात जायचंय."

"एका गावात कुटल्या, दादा? माझी आय एकाच गावात मेली की."

"अहो, तुमचा भाऊ तिथं राहतो!"

हे मात्र खरं होतं. तिचा धाकटा भाऊ नवनाथ चिलारमाळातच राहत होता. दोन गायी, गावाच्या कडेला पत्र्याचं घर, आणि दूध घालायचं त्या तार ओढणाऱ्याच्याच डेअरीला. भावजयीला चांगुणानं आदल्या दिवशी फोनवर गाणं गुणगुणून दाखवलं होतं, आणि सकाळी नवनाथाचा फोन आला होता. "आक्का, गाव घालू नगं. तू गाशील आन् सोलापुरात बसशील. सकाळी कॅन घिऊन त्येच्या दारात मला जायचंय." तिनं फोन पदराच्या गाठीत बांधला होता आणि इकडं निघाली होती. 

दुपारचे तीन वाजले होते. नंदीश म्हणाला, "दादा, आधी घेऊ तर खरं. नाव ठेवायचं की काढायचं ते मग बघा. ढोलकी नको, दणका पण नको. मावशी आणि टाळ्या, बस. ह्या शब्दांखाली वाजवायचं काय, मला तर सुचंना झालंय." त्यानं हात वर केला, एकेक बोट मिटलं, तीन, दोन, एक, आणि चांगुणाकडे खूण केली.

 चांगुणा गप्प.

"मावशी, म्हणा की."

"व्हय, व्हय." पुन्हा खूण झाली आणि पुन्हा ती गप्प. डोळे मोठे, छातीत श्वास भरलेला, ओठ उघडे. शब्द काही बाहेर येईना. तिसऱ्या वेळेला नंदीशनं हेडफोन गळ्यात टाकला. "अय्यो शिवा! मावशी, वाट कुणाची बघताय?"

तेव्हा तिच्याही ध्यानात आलं. ती खरंच वाट बघत होती. सदतीस वर्षं कुणीतरी आधी म्हणणार, आणि मग ती उचलणार. आधी म्हणणारं आज कुणी नव्हतंच. 

ईश्वरदादांनी सुटकेचा श्वास टाकला. तो त्यांना लपवता आला नाही. "असू द्या. नाही जमत तर ओढून ताणून कशाला? पुढच्या वर्षी बघू." वर त्यांनी असंही म्हणून बघितलं, की पहिली ओळ मी म्हणतो, तुम्ही उचला. नंदीश घाईघाईनं कानडीत म्हणाला, "तडी, तडी, दादा," थांबा थांबा, आणि दोन्ही हात पसरून आडवा आला. "तुमचा सूर ऐकून लोकच गाणं बंद पाडतील, पोलिसांना वेगळं यायला लागणार नाही."

हसायला कुणी मोकळं नव्हतं. चौथ्यांदा खूण झाली. घड्याळात पावणेचार. चांगुणानं डोळे मिटले.

आणि दार उघडलं. दारात नवनाथ. नातेपुत्यापर्यंत कुणाच्या तरी फटफटीवर, पुढं एसटीनं, असा धुळीनं माखून आलेला. 'जय भीम' नाही की काही नाही.

"गातीयास व्हय गं? बिनधास्त?"

"नवनाथा, बस की. पाणी पी."

"पाणी न्हाय प्यायला आलो मी. कुणाला सांगनार हायस तू? सांग की! काय सांगनार?" तो पुढं आला, थेट माइकसमोर. आवाज चढला. घराण्याचाच आवाज तो, काटा पार उजवीकडे गेला. "आय चार खांद्यांवर हुती न् वाट अडवली, ह्ये सांगनार?"

आणि चांगुणानं उचललं. ठरवून नाही. सदतीस वर्षांची सवय. ओळ संपता संपता गळा आपोआप वर गेला.

"वाट कुणी गं अडवली…"

"चार तास! उन्हात! चिलारमाळाच्या उन्हात ठेवली आपली आय, ह्ये जगाला सांगनार तू?"

"माय चार तास ठेवली…"

नवनाथ भांडत होता आणि ती गात होती. तो जितका ओरडायचा तितकी ती पुढच्या ओळीवर चढायची. नंदीशचा हात यंत्रावर होता, पण रेकॉर्डिंग त्यानं थांबवलं नाही. ईश्वरदादा खुर्चीच्या कडेवर आले होते. नवनाथाचा आवाज मध्येच फाटला. "हात जोडून हुबा हुतो गं मी त्या तारेपाशी. एक शब्द न्हाय फुटला तोंडातनं. एक शब्द!" एवढं बोलून तो थांबला, आणि पुढची दोन कडवी तिनं एकटीनं नेली, शेवटच्या नावापर्यंत. चांगुणा म्हणे.

गाणं संपलं, यंत्र थांबलं. मग नंदीशनं नवनाथाला विचारलं, "ऐकता?"

नवनाथानं स्वतःचा आवाज ऐकला. पहिल्यांदाच ऐकत होता. अर्ध्यावर त्याचा चेहरा काळवंडला. ऐकून होताच तो उठला आणि जिना उतरून गेला.

"त्यांचा आवाज कापता येईल का?" ईश्वरदादांनी हळूच विचारलं.

"येईल की. पण मावशी त्यांच्याच मागोमाग लागल्यात. त्यांना काढलं तर मावशी लंगड्या पडतील. आणि परत असं…" नंदीशनं मान हलवली.

म्हणजे आता गाणं जायचं तर नवनाथासकट. गाव काढा, नाव काढा, तरी त्याचा आवाज चिलारमाळातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. चांगुणा खिडकीशी गेली. खाली तो दिसत नव्हता. चार वीस झाले. सगळी उमर दुसऱ्याच्या मागून गेली होती, आणि एकच गाणं तिचं स्वतःचं झालं होतं, आताच, या खोलीत. ती वळली.

"नंदीश, त्यो आला आन् नगं म्हनला, तर पुसून टाक. मला इच्यारू नगं."

"मावशी…"

"त्येला तितं ऱ्हायाचंय रं."

साडेचार झाले. ईश्वरदादांनी कागद घडी करून खिशात घातला, पुन्हा काढला. जिन्यात पावलं वाजली. नवनाथ आत आला, हातात अर्धा राहिलेला चहाचा कप. तो नंदीशच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. बहिणीकडे त्यानं बघितलं नाही.

"गावाचं नाव नीट ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. "घाईत गिळलं मी. तेवढं परत घ्या."

पाचला ईश्वरदादा ठाण्यात गेले. हवालदारानं कागद वाचला, उलटून मागची बाजू बघितली. "शिवी आहे का ह्यात?" "नाही साहेब." "कुणाच्या देवाचं नाव?" "नाही." हवालदारानं पुन्हा एकदा वाचलं, आणि या वेळी त्याला जरा वेळ लागला. "मोठ्यानं वाजवू नका," एवढंच तो म्हणाला.

मोठ्यानं वाजवायची गरजच पडली नाही. डीजे नव्हता, म्हणून लोकांना शब्द ऐकू आले. काहींनी फोन करून विचारलं, की ढोलकी टाकायची राहिली का? काहींनी विचारलं, तो भांडणारा गायक कोण? जयंतीच्या मिरवणुकीत बायका ते टाळ्यांवर म्हणत गेल्या, आणि 'उगवती'कडे पुढच्या महिन्यात जी चार माणसं आली, त्यांना दणका नको होता. प्रत्येकाकडं सांगायला काहीतरी होतं. ईश्वरदादांना झोप लागेनाशी झाली, पण त्यांनी एकालाही परत पाठवलं नाही.

गाणं फोनाफोनी चिलारमाळात पोचलं, आणि तिसऱ्या दिवशी नवनाथाचा कॅन डेअरीतून परत आला. फॅट लागत नाही म्हणाले. गायी त्याच, चारा तोच. पुढच्या आठवड्यात पत्र्यावर दोन दगड पडले. चांगुणा रोज फोन करायची, आणि तो रोज म्हणायचा, "काय न्हाय झालं, तू जेव." पण त्यानं वाट मोजून मोकळी करा म्हणून तहसीलला अर्ज दिला होता, आणि अर्जावर त्याच्या एकट्याची सही नव्हती, एकेचाळीस सह्या होत्या.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे अकरा. कँटीनमध्ये आमटीला उकळी आली होती आणि चांगुणाच्या पदराच्या गाठीतला फोन वाजला.

"आक्का, मोजणीवाले आलेत." नवनाथाचा आवाज दबका होता. "मशिन लावलंय. वाट नकाशात हाय म्हनत्यात."

"मग?"

"तारेच्या त्या अंगाला मानसं जमल्यात. धा-पंधरा. त्यो तारवाला बी आलाय."

"आन् तुमी किती?"

"मोजलं न्हाय. बाया बी आल्यात." मागं कुणीतरी ओरडलं, एक खुंटी ठोकल्याचा आवाज आला, मग दुसरी. "आक्का, फोन ठिवू का?"

चांगुणानं गॅस बंद केला. जेवायला आलेल्या पोरांची रांग थांबली. तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"ठिवू नगं," ती म्हणाली. "बोलत ऱ्हा."