उंदरांच्या पिंजऱ्यातलं तूस

गोंदियाच्या स्टेशनवर माझी पुण्याची गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीच्या गजाला धरून चार पावलं चालले आणि थांबले, कारण त्यांना धाप लागली. सहा महिन्यांपूर्वीच ते न्यूमोनियाने आयसीयूत होते. फुप्फुसं सुजून त्यांत पाणी झालं होतं. त्या सुजेवर नेमकं असं औषध नाही, ऑक्सिजन द्यायचा आणि वाट पाहायची, आणि राइस मिलमधलं धुळीचं काम सोडायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धापेतच बाबा ओरडले, "बाई, तेथं कोनावर भरोसा ठेवजो नोको!"

तुम्ही जे तिकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे पुण्यात आलात, तुमच्यापैकी कोणाला हा उपदेश मिळाला नसेल? मी मात्र तो जरा जास्तच मनावर घेतला. सदाशिव पेठेत खोली मिळाली, तर घरमालकीणबाईही त्याच पंथाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "उंदरांवर काम करता म्हणे. आपण येताना एखादा बरोबर आणत नाही ना?" तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींवर लक्ष ठेवून आहोत. गावी दार नुसतं लोटून बाजाराला जाणारी मी इथे कुलूप लावून पुन्हा ओढून बघायला लागले.

लॅबमधलं माझं काम बाबांच्या त्या आजाराचंच होतं. उंदराला बेशुद्ध करून नाकातून जंतूंच्या विषाचा एक थेंब द्यायचा. दिवसभरात त्याची फुप्फुसं सुजतात. मग निम्म्या उंदरांना आमचं नवं औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन. शेवटी उंदीर मारून फुप्फुसांचे पातळ काप काचेवर घ्यायचे. काचांवर फक्त नंबर असतात. कुठली काच औषधाची हे फक्त मला माहीत, ती यादी माझ्या ड्रॉवरमध्ये, आणि सूज किती ते ठरवणारा माझा सीनियर चिन्मय, नारायण पेठेतला. त्याला नंबरापलीकडे काही कळता कामा नये.

औषधाच्या काचा स्वच्छ निघाल्या. मी आनंदाच्या भरात फोनवर बोलून गेले, "बाबा, औषध सापडतंय." त्यांनी ते गावभर केलं. मग दर रविवारी एकच प्रश्न, "मले कधी भेटते मंग?" आणि मी न विचारताच ते पुढे सांगायचे, "राइस मिल तर केव्हाचीच सोडली मी."

पण इतका साफ निकाल मला पचेना. चिन्मय माझा ड्रॉवर उघडून यादी बघत असणार, अशी खात्रीच झाली. माझ्यापुढे चहा ठेवला तरी वाटायचं, हा एवढा गोड का वागतोय? शेवटी मी सापळा लावला. जुन्याच काचांना नवे नंबर चिकटवले, यादी पर्समध्ये ठेवली आणि त्या नव्या म्हणून त्याच्यापुढे सरकवल्या. त्याने जवळजवळ तेच आकडे दिले. माणूस सरळ होता, आणि मला हायसं वाटण्याऐवजी चक्क राग आला.

मग मी संशय घेऊन उंदरांच्या खोलीत गेले. तिथले सोपानराव पिंजऱ्यांत भाताचं तूस अंथरत होते. पोतं थेट उपडं केल्यावर धुळीचा ढग उठला. म्हटलं, "अहो, केवढी धूळ ही!"

"पोत्यात येतंय तसंच वततो की. तुमच्यावानी पाखडत न्हाय बसत आपण."

"मी पाखडते?"

"तर! ट्रेमधी घेऊन. रोज बघतोय."

मी पाखडत होते. आमच्या भागात वाढलेल्या पोरीचा हात तूस दिसलं की आपोआप झटका देतो, धूळ उडवून टाकतो. आणि आमची वाटणी अशी होती की औषधाचे पिंजरे मी भरायचे, सलाइनचे सोपानरावांनी. सुजलेल्या फुप्फुसांना तिकडे धूळ, इकडे नाही. औषधापेक्षा माझा हातच गुण देत होता.

चिन्मयला सगळं सांगितलं, सापळ्यासकट. तो म्हणाला, "माझ्यावर पाळत ठेवलीस, उत्तम. पुढच्या वेळी थोडी स्वतःवरही ठेव." लाजेने मान वर होईना. सगळ्या पिंजऱ्यांत सारखंच पाखडलेलं तूस घालून प्रयोग पुन्हा केला. फरक उरला, पण इतका थोडा की तो औषधाचा म्हणायला जीभ उचलत नव्हती.

त्या रविवारी बाबांनी विचारायच्या आत मी सांगून टाकलं. औषध नाही सापडलं. चूक माझीच होती. तिकडून त्यांची धाप ऐकू येत होती. मला वाटलं, आता हे गावाला काय तोंड दाखवतील?

"तू खरं सांगतली," ते हळूच म्हणाले. "मंग मीबी सांगतो. मिलमधी जातोच मी आताबी."

मी रडले, मग भांडले, मग पुन्हा रडले. पुण्यात मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते आणि तरीही मला ती पूर्ण पटत नाही. घर आता माझ्यासाठी तेवढंच उरलंय, फोनच्या पलीकडचा तो धापेचा आवाज. त्या आवाजाने सांगितलेलं मी काहीही न तपासता खरं धरलं, आणि दुसऱ्या दिवशी गावी जाण्यासाठी रजेचा अर्ज दिला.