मामांचा भोंगा

माझ्या मामेसासऱ्यांइतका खोटं बोलणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्यालाही माझ्या घरी पाठवा, दोघेही खपतील. माझ्या सासूबाईंना तीन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. नवरा रोज पुलगाव-नागपूर अप-डाऊन करतो, म्हणून दिवसभर घरात मी, सासूबाई आणि त्यांचा एकच प्रश्न, "वाडीत कवा जायचं?" ज्या वाडीत त्यांनी जन्मभर भाजी पिकवली तिथे आता प्लॉट पडलेत. सुरुवातीला मी खरं सांगायचे, आणि ते ऐकून त्या दर वेळी नव्याने रडायच्या. मामा, म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, एक दिवस सायकल भिंतीला टेकवत मला म्हणाले, "काऊन रडवून राह्यली तिले?" आणि बहिणीकडे वळून, "वाडीत पाणी सोडलं हाय, बाई. चिखल हाय. दुपारी जाऊ." सासूबाईंना ते पटलं आणि त्या निवांत वांगी निवडायला बसल्या.

तेव्हापासून आमचं घर मामांच्या थापांवर चालतं. सासरे मिलमध्ये होते तेव्हापासून भोंगा वाजल्याशिवाय जेवायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. आता सासरे नाहीत, मिल बंद पडली आणि भोंगाही नाही, नियम तेवढा ठणठणीत आहे. मग मामा परसात जातात, तोंडाशी दोन्ही हात धरतात आणि पोटातून असा काही भोंगा काढतात की शेजारच्या काकू त्यावर कुकर लावतात. एकदा मामांचा घसा बसला तर गल्लीतली तीन घरं उशिरा जेवली. ते नसले की मी वाजवते. माझा ऐकून सासूबाई म्हणतात, "आज मशीन बिघडली वाट्टे."

आमच्याकडे भेटायला येणारी माणसं मात्र परीक्षा घ्यायला येतात. चप्पल काढायच्या आत, "वयखलं का मले? सांगा बरं, कोण मी?" सासूबाई घाबरून माझ्या पदराकडे पाहतात. मग बदाम भिजवून द्या, ब्राह्मी द्या, असं सांगून आणि चहा पिऊन मंडळी जातात, मागे उरलेला चिडचिडा दिवस माझा. मामांनी फाटकातच नाकाबंदी केली. एका चुलत सासऱ्यांना त्यांनी तिथेच थांबवून विचारलं, "परवा दुपारी काय जेवले तुमी?" ते बोटं मोजू लागले. मामा म्हणाले, "मंग बदाम तुमीच खा."

वर्ध्याला एकदा घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शन शिबिर होतं, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. घरी रुग्ण असल्यामुळे मला अर्थातच जाता आलं नाही, माझ्या जागी मामा गेले. वक्ते म्हणाले, स्वतःसाठी वेळ काढा. मामांनी उभं राहून विचारलं, "तेवढा वेळ घरी कोण बसन? तुमी येता का?" त्यांना लगेच जेवायला नेण्यात आलं. माझ्या नावाचं सहभागाचं प्रमाणपत्र मात्र त्यांनी न विसरता आणलं.

एवढ्या हुशार माणसाला त्याची बहीण दोन वर्षांत एकदाही भाऊ म्हणून ओळखू शकलेली नाही. तिच्या लेखी ते बाजारातले दलाल. ते रोज वांग्यांच्या भावावरून तिच्याशी भांडतात आणि रोज हरतात. "भाऊ होतो तवा शिव्या भेटे, दलाल झालो तं चहा भेटते," असं म्हणून हसतात. तो चहा ते बाहेर ओट्यावर जाऊन एकटेच पितात. त्यांची फार माया वाटते मला तेव्हा.

दीड वर्षात मी वडनेरला माझ्या आईकडे गेले नव्हते. नवरा म्हणायचा, "जा ना." सासूबाईंच्या गोळ्या कुठे असतात हे त्याला अजून ठाऊक नाही. नणंद फोनवरून म्हणायची, "आईले सोडून?" खरी भीती माझ्या मनात होती. सासूबाई माझं नाव केव्हाच विसरल्या, पण जेवतात माझ्याच हातचं. दोन दिवस दिसले नाही तर तेवढंही पुसलं जाईल, असं वाटायचं. शेवटी मामाच पिशवी घेऊन आले, "जाजो तू. मी अन् भाचा पाहून घेतो." नणंदेला त्यांनी कळवलं की सूनबाईला डॉक्टरांनीच हवापालट सांगितलाय.

वडनेरला आईने केसांना तेल लावलं आणि मी भर दुपारी दोन तास झोपले. तिसऱ्या दिवशी परतले तर सासूबाईंनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "कोण बाई?" पिशवी पुढे करून मी म्हटलं, "वांगी घेऊन आली, वडनेरची." त्या सरकल्या आणि मला बाजेवर जागा करून दिली.

मामा फाटकाशी सायकल काढत होते. म्हणाले, "दोन दिवस तुलेच विचारे. ते जेव-जेव करणारी कुठं गेली, म्हणे. माह्या हातचं धड खाल्लं नाई तिनं."

थाप मारताना मामा कधीच समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाहीत, हे मला आता चांगलं ठाऊक आहे. म्हणून मी वर पाहिलंच नाही. मान खाली घालून पिशवीतली वांगी काढत राहिले.